पत्रे उडाले, आता आधी काय?

पावसाळ्याच्या तोंडावर वादळ झालं की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा विषयच बदलतो. रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर, जळगावच्या सगळ्या केळीपट्ट्यातून तेच, वारा-वावधन आलं आणि घर उघडं पडलं. म्हणून या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवलेत. सासू-सुनांच्या तक्रारीवाल्यांनी रागवू नका, तुमचं भांडण पुढच्या अंकापर्यंत नक्की टिकेल.

प्रश्न : ताई, शेजारच्या घराचे सगळे पत्रे उडाले, मागची भिंत पडली, म्हशीचा गोठा तर राहिलाच नाही. माणसं वाचली हे नशीब. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गल्लीतली पोरं फावडी-घमेली घेऊन गेलो, ट्रॅक्टर पण नेला, म्हटलं दुपारपर्यंत सगळं साफ करून देऊ. तर घरातले आजोबा खाटेवर बसून म्हणे कशाला हात लावायचा नाही. राग पण आला आणि वाईट पण वाटलं. परत जायचं का?
— एक तरुण, रावेर तालुका

उत्तर : भाऊ, जायचंच, फक्त ट्रॅक्टर घरी ठेवून जा आणि आधी आजोबांजवळ खाटेवर बसा, चहा प्या. ते अडून बसलेत तो नुसता हट्ट नाहीये. पंचनामा व्हायच्या आधी तुम्ही अंगण चकाचक करून दिलं तर तलाठी येऊन (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावात तलाठीच) बघणार काय, मोकळी जागा? घरपडझडीची मदत किती पडलं त्यावर ठरते. २०२२ ते २०२६ साठीचे आपत्ती निधीचे जे निकष होते त्यात सपाट भागातलं घर पूर्ण पडलं तर १ लाख २० हजार, आणि पक्कं घर थोडं पडलं, म्हणजे निदान १५ टक्के, तर ६,५०० रुपये, कच्च्याला ४,०००, गोठ्याला ३,०००. राज्य सरकार कधी कधी वरून भर घालतं ते वेगळं. साडेसहा हजारात आजकाल काय होतं ते पत्र्याच्या दुकानात विचारून या, पण थोडं पडलं का पूर्ण पडलं यात लाखाच्या वरचा फरक आहे आणि त्याचा पुरावा तो ढिगारा आहे.

म्हणून पहिलं काम फोटो. घराच्या चारी बाजूनी, आतून, पडलेली भिंत, वाकलेले अँगल, भिजलेलं धान्य, आणि एक-दोन फोटोत घरातलं माणूस उभं करा. मग घरपट्टीची पावती, ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, आधार, पासबुक हे शोधायला मदत करा. कागद भिजले असतील तर सावलीत एकेक वेगळा करून वाळवा, घाईनं ओढले तर फाटतात. शेताशेतातून पत्रे गोळा करून एका जागी रचून ठेवा, पण पंचनाम्याच्या आधी विकू नका. भंगारवाला मात्र तलाठ्याच्या आधी येतो बरं का, त्याच्याइतकं वक्तशीर खातं मी अजून पाहिलं नाही.

हात लावायच्या आधी वायरी बघा. तार तुटून पत्र्यावर किंवा ओल्या जमिनीवर पडली असेल तर लाईट गेलेली आहे या भरवशावर राहू नका, सप्लाय कधीही चालू होतो, पलीकडं कोणाचा इन्व्हर्टर असतो. १९१२ ला फोन करा, वायरमनला बोलवा, तोवर पोरांना लांब ठेवा. ढिगाऱ्यात उघडा हात घालायचा नाही, आधी काठीनं हलवायचं, विंचू-साप अशाच गार जागेत शिरून बसतात. काही चावलंच तर चिरा बिरा मारत बसू नका, १०८ आणि सरळ दवाखाना. पत्र्यानं कापलं तर धनुर्वाताचं इंजेक्शन. आणि सिमेंटचे पत्रे असतील तर ते फोडून घमेल्यात भरू नका, बऱ्याच पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं, ती धूळ छातीत जाते. पाणी मारायचं, तोंडाला फडकं बांधायचं आणि अख्खे उचलता येतील तेवढे अख्खेच उचलायचे.

आता आजोबांचं दुसरं कारण, जे ते तुम्हाला सांगणार नाहीत. तुम्हाला जो कचरा दिसतो तो त्यांचा संसार आहे, त्यात आजींची पेटी असेल, कोणाच्या तरी लग्नाचा अल्बम असेल, आणि पंधरा परकी पोरं फावड्यानं ते ओढायला लागली की माणसाला दुसऱ्यांदा वादळ आल्यासारखं होतं. त्यांना विचारा, आजोबा आधी काय शोधू? ते सांगतील तिथून सुरुवात. आमच्या बाजूच्या एका गावात मी हे बघितलंय, वाऱ्यानं एका घराची सगळी भांडी गल्लीभर केली होती, कोणाच्या गच्चीवर पातेलं, कोणाच्या उकिरड्यावर परात. गल्लीतल्या बायका दारोदार फिरून गोळा करत होत्या आणि प्रत्येक भांडं उलटं करून कोरलेलं नाव वाचत होत्या, हे हिच्या बारशातलं, हा तांब्या मामाकडचा, ही परात आपली नाही, ही पलीकडच्या आळीतली. तासाभरात सगळी भांडी लागली, आणि त्या घरची बाई जी सकाळपासून एक शब्द बोलली नव्हती ती एका चेपलेल्या डब्यावरून चक्क भांडायला लागली की हा माझा नाहीच म्हणून. तिथून तिचा दिवस सुरू झाला.

अजून एक. पहिल्या दिवशी पंधरा जण आणि आठव्या दिवशी चिटपाखरू नाही असं होतं, तसं करू नका. चार-चार जणांची पाळी लावा. आधी प्यायचं पाणी, रात्री झोपायची जागा, मोबाईल चार्जिंग, आणि म्हैस. म्हैस कोणाच्या गोठ्यात बांधली असेल तर पिळायला रोजचंच माणूस पाठवा, घाबरलेली म्हैस परक्या हाताला पान्हा चोरते. अंगणाची सफाई सगळ्यात शेवटी आली तरी चालतं.

प्रश्न : आमच्या शिवारातल्या वादळाचा व्हिडिओ ग्रुपवर फिरतोय, खाली 'टोर्नेडो' असं लिहिलंय. आमचे सर म्हणतात आपल्या देशात टोर्नेडो होतच नाही. खरं काय?
— अकरावीतली विद्यार्थिनी, चोपडा तालुका

उत्तर : होतच नाही असं नाही गं, सरांना हळूच सांग. १७ मार्च १९७८ ला खुद्द दिल्लीत झाला होता, ३१ मार्च २०२४ ला बंगालमध्ये जलपायगुडी जिल्ह्यात मैनागुडीच्या बाजूला झाला. शेजारी बांगलादेशात तर २६ एप्रिल १९८९ च्या टोर्नेडोत हजाराच्या वर माणसं गेली. पण आपल्याकडे मे-जूनमध्ये संध्याकाळी जे येतं ते बहुतेक वेळा वेगळं असतं. जळगाव-भुसावळचं ऊन तुला सांगायला नको, ४४-४५ ला जमीन तापते, दमट हवा वर चढते, ढग उंच उंच होत जातो आणि मग पाऊस-गारांबरोबर गार हवा त्यातून धाडकन खाली कोसळते, जमिनीवर आपटते आणि बाजूला पसरते. पाऊस पडायच्या आधी जो गार झोत अंगावर येतो ना, तोच, फक्त पत्रे उडवण्याइतका.

तू केळीच्या बागेत जाऊन बघ. खोडं सगळी एकाच दिशेला आडवी झाली असतील तर तो सरळ वारा. टोर्नेडोत वारा गोल फिरतो, त्यामुळे झाडं वेडीवाकडी, एकमेकांवर पडतात, आणि नुकसान एका अरुंद पट्ट्यात असतं, एक घर भुईसपाट आणि समोरच्याची तुळस शाबूत. व्हिडिओत ढगातून खाली उतरून जमिनीला टेकलेली सोंड दिसते का बघ. उन्हात जमिनीवरून धूळ-कचरा गरगर वर जातो ती आपली साधी वावटळ. आणि चक्रीवादळ ही तिसरी गोष्ट, ते समुद्रावर तयार होतं आणि शेकडो किलोमीटर पसरलेलं असतं. आणि हो, व्हिडिओ काढायला गच्चीवर जायचं नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं विजेची सूचना देणारं 'दामिनी' ॲप काढलंय ते घरातल्या मोठ्यांच्या मोबाईलमध्ये टाकून दे.

प्रश्न : ताई, आमचंच घर गेलं. आठवडाभर शेजारच्यांनी दोन्ही वेळ जेवण दिलं, ताडपत्री दिली, शिडी दिली, एका वहिनींनी साड्या दिल्या पण देतानाचा फोटो काढून स्टेटसला ठेवला, माझ्या मुलीला शाळेत मैत्रिणींनी दाखवला. मला कोणाला तोंड दाखवावंसं वाटत नाही. त्यात सासरे म्हणतात पत्रे बसले की गल्लीला वरण-बट्टीचं जेवण घालू, लागलं तर व्याजानं पैसे काढू.
— एक सून, यावल तालुका

उत्तर : व्याजानं पैसे काढून बट्टी अजिबात नको. सासऱ्यांना तुम्ही सांगू नका, गल्लीतल्या त्यांच्याच वयाच्या एखाद्या माणसाला सांगायला लावा की आम्ही जेवायला येणार नाही, आधी मागची भिंत उभी करा. त्यांचं मन मोडणार नाही आणि व्याज पण वाचेल. कानबाईच्या सणाला रोट होतीलच की घरी, तेव्हा बोलवा सगळ्यांना.

फोटोचं मात्र सरळ बोला, आणि ते पण एकटीला गाठून. वहिनी, साडी मी नेसणार आहे, पण तेवढा फोटो काढून टाका, पोरीला शाळेत त्रास होतोय. एवढंच, पुढे मागे काही जोडायचं नाही. बहुतेक बायांना हे कळतं, नसेल कळत तर साडी धुऊन, घडी करून परत. ज्यांना मदत करायची हौस आहे त्यांनी पण ऐका, फोटो ढिगाऱ्याचा काढा, घेणाऱ्या हाताचा नको.

राहिली तोंड दाखवायची लाज. वही करा, पण तिच्यात फक्त परत करायच्या वस्तू लिहा, ताडपत्री, शिडी, कोयता, कोणाचं घमेलं, आणि आणली त्यापेक्षा स्वच्छ करून द्या. भाकरी-भाजी लिहायची नाही. त्याची फेड अशी लगेच पैशात होत पण नाही. त्याच वाऱ्यात शेजारणीचे खाटेवर वाळत घातलेले बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, उडाले असतीलच ना, वर्षाचं वाळवण गेलं तिचं, पण तुमचं घर पडलं म्हणून ती बोलणार नाही. तिची ज्वारी परत भिजली की पहाटे उठून जा, ओल्या धोतरावर चार ओळी तुम्ही थापा. ती नको म्हणेल, तरी थापा.

प्रश्न : माझ्या बांधाला बांध असलेल्या शेतकऱ्याची निसवलेली, म्हणजे घड बाहेर पडलेली, केळी आडवी झाली. तो स्वतः हात मोडून दवाखान्यात आहे. आम्ही तीन-चार जण त्याचा माल कापून विकून देतो म्हणतोय, पण व्यापारी अर्ध्या भावात मागतो. काय करावं?
— शेतकरी, रावेर तालुका

उत्तर : दादा, कोयता नंतर, आधी दवाखान्यात फोन लावा. त्यानं हवामान आधारित फळपीक विमा काढला असेल तर वाऱ्याच्या नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत द्यावी लागते, ती त्याच्या नावानं गेलीच पाहिजे, बायकोला किंवा मुलाला घेऊन बसा आणि करून टाका. विमा नसेल तरी पंचनाम्याला नाव येऊ द्या, ३३ टक्क्यांवर नुकसान असेल तर केळीसारख्या बहुवार्षिक पिकाला वर सांगितलेल्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत हेक्टरी २२,५०० होते, २ हेक्टरपर्यंत. सातबारा अजून वडिलांच्या नावावर असेल तर संमतीचे कागद लागतात, ते आत्ताच काढून ठेवा, तिथंच गाडी अडते.

मग माल. भरलेले घड एक-दोन दिवसात कापा, उघड्यावर पडलेल्या घडाला ऊन लागलं की साल काळी पडते आणि मग व्यापाऱ्याला भाव पाडायला अजून एक निमित्त. सावलीत केळीच्या पानांवर ठेवा. एकाच व्यापाऱ्यावर थांबू नका, सावदा, फैजपूर, बऱ्हाणपूर तिन्हीकडं फोन फिरवा, आणि वेफर्सवाल्यांना कच्चा पण भरलेला माल चालतो, त्यांना विचारा. वादळानंतर सगळ्यांचाच माल एकदम निघतो म्हणून भाव पडणार हे धरून चला, पण भाव ठरवायच्या आधी त्याला कळवायचं, पावती त्याच्या नावाची, पैसे त्याच्या खात्यात. तुमच्या मनात पाप नाही हो, पण सहा महिन्यांनी कोणीतरी काहीतरी बोलतंच आणि बांधाला बांध असलेल्या माणसाशी वाकडं घेऊन चालत नाही.

खोडं काढायला जेसीबी घालू नका. आधी ठिबकच्या नळ्या गुंडाळून बाजूला घ्या, नाहीतर केळीच्या नुकसानीवर नळ्यांचं नुकसान. मोडलेली खोडं कापून तुकडे ओळीतच पडू द्या, कुजतात, ओल धरतात. चांगली पिलं राहिली असतील तर खोडाला एक ठेवून पिलबाग, म्हणजे त्या पिलांवरच पुढचं पीक, धरता येईल का ते त्यालाच ठरवू द्या. नुसती कललेली झाडं बांबूचा टेकू देऊन वाचतात. आणि बांधावर शेवरी लावायचं दरवर्षी राहून जातं, या पावसाळ्यात दोघांच्या बांधावर मिळून लावा.

प्रश्न : भाव येईल म्हणून घरात ठेवलेला कापूस भिजला. आता?
— धरणगाव तालुका

उत्तर : ढीग मोडा, आजच. ओल्या कापसाचा ढीग आतून तापतो आणि पिवळा पडतो. कोरडा कापूस आधी वेगळा काढा, त्यात ओला मिसळायचा नाही, जिनिंगवाला हात घालूनच ओळखतो आणि मग सगळ्याचाच भाव ओल्याचा लावतो. शेजारी कोणाची स्लॅबची गच्ची असेल तर तिथं पातळ पसरा, दिवसातून दोन-तीनदा हलवा, संध्याकाळी आभाळ भरून आलं की गोळा करायला गल्लीतली पोरं सांगून ठेवा.