इंटरप्टचा क्रमांक नेमका कोणता खरा?

प्रश्न : मी वाळपईचा राहणारा असून घराच्या गच्चीवर पर्जन्यमापक बसवला आहे. त्यातली वाटी भरून कलंडली की चुंबकाने रीड स्विच मिटतो. तो स्विच मी रास्पबेरी पाय 4 या छोट्या संगणकाच्या जीपीआयओ 17 ला (सर्वसाधारण वापराच्या पिनला) जोडला असून त्याच्यासाठी लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, बसणारे एक छोटे मॉड्यूल लिहिले आहे. ‘प्रॉक’खालच्या ‘इंटरप्ट्स’ या फाइलमध्ये त्याच्या ओळीच्या सुरुवातीला 56 हा आकडा दिसला, म्हणून मी मॉड्यूलमध्ये 56 च लिहिला. दुसरे एक उपकरण जोडून यंत्र पुन्हा सुरू केल्यावर तो आकडा 58 झाला आणि ऐन पावसात नोंदी बंद पडल्या. शिवाय सीरियल पोर्टाचा क्रमांक चिपच्या माहितीपुस्तिकेत 57, तर डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावर कोणती उपकरणे आहेत हे कर्नलला सांगणाऱ्या यादीत) 121 दिला आहे. यांतला खरा क्रमांक कोणता मानावा?

उत्तर : तुम्ही दिलेले सगळेच आकडे खरे आहेत, मात्र प्रत्येक आकडा वेगवेगळ्या ठिकाणी उभे राहून मोजलेला आहे. आपल्याकडे घर क्रमांक 17 प्रत्येक पंचायतीत सापडतो, आणि पंचायतीचे नाव सांगितल्याशिवाय त्या आकड्यावरून कुणाचे घर शोधता येत नाही. इंटरप्ट म्हणजे उपकरणाने प्रोसेसरचे लक्ष वेधण्यासाठी दिलेला इशारा, आणि असे इशारे गोळा करून पुढे पोहोचवणाऱ्या इंटरप्ट कंट्रोलरचेही तसेच आहे. एका यंत्रात असे अनेक कंट्रोलर असतात आणि प्रत्येकजण आपापल्या लाइनी स्वतःच्या पद्धतीने मोजतो. लिनक्समध्ये अशा प्रत्येक कंट्रोलरच्या कक्षेला ‘आयआरक्यू डोमेन’ म्हणतात आणि त्या कक्षेतल्या क्रमांकाला ‘हार्डवेअर आयआरक्यू’ म्हणतात. हे क्रमांक एकमेकांशी जुळत नसल्यामुळे कर्नल साऱ्या यंत्रासाठी स्वतःचा एक सलग क्रमांक काढतो आणि कोणत्या डोमेनमधल्या कोणत्या लाइनीला तो दिला याची नोंद ठेवतो. या नोंदीलाच मॅपिंग म्हणतात. तुमचा 56 हा असा कर्नलने दिलेला क्रमांक होता.

तो का बदलला, हेही यातूनच कळते. एखाद्या ड्रायव्हरने (उपकरण हाताळणाऱ्या प्रोग्रॅमने) लाइन मागितली की मॅपिंग तयार होते आणि कर्नल त्या वेळी मोकळा असलेला क्रमांक देतो. नव्या उपकरणाच्या ड्रायव्हरने तुमच्या आधी मागणी केली, तर 56 त्याच्याकडे जातो आणि तुम्हाला पुढचा मिळतो. क्रमांक कायम राहील असे आश्वासन कर्नलने कधीच दिलेले नाही. ही समजूत जुन्या पीसीवरून आलेली असावी. 1981 च्या आयबीएम पीसीत आठ लाइनींचा एकच 8259 कंट्रोलर होता, 1984 च्या पीसी एटीत दुसरा जोडला गेला आणि वापरायला पंधरा लाइनी मिळाल्या. तिथे टायमर 0 वर आणि कीबोर्ड 1 वर असे ठरलेलेच असे, त्यामुळे क्रमांक पाठ करून काम भागत असे. आजच्या चिपवर ती सवय सोडावीच लागते.

आता तुमची वाटी एकदा कलंडली की काय घडते ते पाहू. स्विच मिटताच 17 क्रमांकाच्या जीपीआयओवरचा विद्युतदाब उतरतो (बाहेरच्या पट्टीवर ही पिन 11 वी आहे, त्यामुळे इथेही गफलत होऊ शकते). जीपीआयओ विभागाकडून मुख्य कंट्रोलरकडे, म्हणजे जीआयसीकडे, पिन 0 ते 27 यांच्यासाठी मिळून एकच लाइन जाते आणि जीआयसीच्या मोजणीत तिचा क्रमांक 145 आहे. प्रोसेसर जीआयसीला विचारतो, उत्तर 145 असे येते, आणि जीआयसीच्या डोमेनमधल्या नोंदीवरून कर्नल जीपीआयओच्या ड्रायव्हरकडे पोहोचतो. तो ड्रायव्हर स्थितिदर्शक रजिस्टर वाचून 17 वा बिट लागला असल्याचे पाहतो, मग स्वतःच्या डोमेनच्या नोंदीत 17 शोधतो, तिथे त्याला 56 किंवा 58 जे असेल ते सापडते, आणि मगच तुमचे फंक्शन चालते. म्हणजे वाटी एकदा कलंडली की मॅपिंग दोनदा पाहिले जाते. मधली 145 ची पायरी साखळी पद्धतीने हाताळली जात असल्यामुळे ‘इंटरप्ट्स’ फाइलमध्ये दिसत नाही. तुमच्या ओळीत मात्र ‘पिनकंट्रोल-बीसीएम 2835’ या नावापुढे 17 लिहिलेले असते, आणि यंत्र कितीही वेळा सुरू केले तरी ते बदलत नाही.

सीरियल पोर्टाचा हिशेबही असाच आहे. माहितीपुस्तिकेतला 57 हा चिपमधल्या व्हिडिओकोर (ग्राफिक्सच्या) विभागाच्या यादीतला क्रमांक आहे. ती यादी जीआयसीमध्ये 96 पासून सुरू होते, म्हणून जीआयसीच्या दृष्टीने तो 153 होतो. जीआयसीचे पहिले 32 क्रमांक प्रोसेसरच्या कोअरमधल्या आपसातल्या संदेशांसाठी आणि प्रत्येक कोअरच्या खासगी उपकरणांसाठी राखीव असतात. सामायिक उपकरणे त्यानंतर येतात आणि डिव्हाइस ट्रीत त्यांची मोजणी पुन्हा शून्यापासून होते. 153 मधून 32 वजा केले की 121 उरतात. नव्या बोर्डावर काम करताना बहुतेक वेळ याच 32 च्या फरकात जातो, म्हणून माहितीपुस्तिकेतला आकडा कुठून मोजला आहे हे आधी पाहावे असा माझा आग्रह आहे.

तुमच्या मॉड्यूलमध्ये 56 किंवा 58 यांपैकी काहीही लिहू नका. डिव्हाइस ट्रीमध्ये पर्जन्यमापकाची नोंद करून त्यात इंटरप्टचा पालक म्हणून जीपीआयओ विभाग, लाइन 17 आणि उतरत्या कडेसाठी (विद्युतदाब खाली येण्याच्या क्षणासाठी) 2 असे द्या. मग ड्रायव्हरमध्ये ‘प्लॅटफॉर्म-गेट-आयआरक्यू’ला विचारा, ते त्या दिवशीचा क्रमांक देईल आणि तोच ‘रिक्वेस्ट-आयआरक्यू’ला पुढे द्या. उत्तर ऋण आले तर ती त्रुटी समजून तिथेच थांबा, कारण चुकीच्या क्रमांकावर आपले फंक्शन बसवण्यापेक्षा ड्रायव्हर सुरूच न झालेला बरा. पडताळणी करायची असेल तर ‘सिस’खालच्या ‘कर्नल’मधील ‘आयआरक्यू’ या फोल्डरात प्रत्येक क्रमांकासाठी त्याच्या कंट्रोलरचे नाव आणि त्याचा हार्डवेअर क्रमांक वाचायला मिळतो. तिथे 17 आणि जीपीआयओ विभागाचे नाव दिसले, की वाटीत एक तांब्या पाणी सावकाश ओता आणि ती कलंडेल तसतसा ‘प्रॉक’मधला मोजणीचा आकडा वाढतो का, ते पाहा.