कॅप्टन तू आहेस, पण टाइमआउट कोण मागणार ते आधी बघ

तुझी पोस्ट वाचली आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले. सेकंड इयर, कॉलेजच्या बास्केटबॉल टीममध्ये पॉइंट गार्ड (बॉल पुढे आणून खेळ रचणारी), या वर्षी कॅप्टन केलंय, टीममधल्या थर्ड इयर आणि एमएच्या ताया ऐकत नाहीत, चौथ्या क्वार्टरला प्रत्येक जण आपापलं खेळते आणि मॅच गेली की सगळे तुझ्याकडे बघतात. शेवटी विचारलंयस की कॅप्टनशिप सोडून नुसतं खेळू का. मी पण नाशिकमध्येच खेळले, कॉलेजचं नाव घेत नाही, आणि यातलं जवळजवळ सगळं माझ्या बाबतीत झालंय.

आधीच सांगते, मी कोच नाही, सर्टिफिकेट वगैरे काही नाही. खेळले, नंतर काही वर्षं ज्युनिअर पोरींसोबत सकाळी ग्राउंडवर उभी राहिले, एवढंच. नियम म्हणून जे सांगतेय ते फिबाचे, म्हणजे बास्केटबॉलच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे आहेत. ते अधूनमधून बदलतात आणि आपल्याकडच्या मॅचला आयोजक स्वतःचं थोडं इकडेतिकडे करतात, त्यामुळे मॅचच्या आधी स्कोअररच्या टेबलवर विचारून घ्यायचंच.

कॅप्टनशिप सोडू नकोस. वयाने लहान आहेस म्हणून ऐकत नाहीत हे मला पटत नाही. अनिता पॉलदुराई १९ व्या वर्षी भारताच्या सीनियर टीमची कॅप्टन झाली, २०२१ मध्ये तिला पद्मश्री मिळाली. तिच्या टीममध्ये पण तिच्याहून मोठ्या मुली होत्याच ना. सीनियर ऐकत नाहीत त्याचं कारण बहुतेक वेळा हे असतं की त्यांच्यापर्यंत तुझं बोलणं उशिरा पोचतं. स्क्रीन (समोरच्या टीममधली वाट अडवून उभी राहते ती) लागून ती पडल्यावर "अगं स्क्रीन होती" म्हटलं की तिला ते बोलणं लागतं, आणि तेच एक सेकंद आधी "स्क्रीन लेफ्ट" म्हटलं की तिला ती मदत वाटते. आणि मॅच चालू असताना "ताई, जरा डावीकडे बघ ना" हे वाक्य पूर्ण होईपर्यंत समोरची लेअप (बास्केटजवळ जाऊन मारलेला शॉट) मारून परत गेलेली असते. म्हणून सीझन सुरू व्हायच्या आधी सगळ्यांनी बसून ठरवा की कोर्टावर कोणीच ताई नाही, आडनाव किंवा जर्सी नंबर चालेल. मोठ्या पोरींनी स्वतः हो म्हटलं पाहिजे, तू एकटीने सुरू केलंस तर उद्धटपणा वाटेल.

दुसरं, सगळं बोलायचं तूच असं डोक्यात असेल तर काढून टाक. डिफेन्समध्ये तू पुढे असतेस, तुझी पाठ बास्केटकडे असते, तुझ्या मागे काय चाललंय ते तुला दिसतच नाही. दिसतं ते मागे बास्केटजवळ उभ्या असलेल्या सेंटरला. मग डिफेन्सचा आवाज तिचा, ऑफेन्सचा तुझा. आमच्याकडे सगळ्यात जास्त कुरकुर करणारी सीनियर नेमकी सेंटर होती, तिला हे काम दिल्यावर तिची कुरकुर बरीच कमी झाली, कारण आता पाचही जणी तिच्या आवाजावर हलत होत्या आणि ते तिला दिसत होतं. माझ्या मते कोर्टावरचं लीडरशिप म्हणजे यातलं निम्मं, कोणाला काय दिसतंय ते ओळखायचं आणि ते बोलायचं काम तिलाच द्यायचं. कोणाला पटणार नाही, चालेल.

आता मुख्य गोष्ट, ज्यासाठी एवढं टाइप करतेय.

तू लिहिलंयस की सोबत येणाऱ्या मॅडम "मॅनेजर म्हणून येतात, त्यांना बास्केटबॉलमधलं फारसं कळत नाही." हे तू जाता जाता लिहिलंस, पण मला सगळ्यात मोठा धोका तिथे दिसतोय. आमचं सगळ्यात जास्त नुकसान तिथेच झालं.

आम्हाला शिकवणारे एक जुने खेळाडू होते, रोज सकाळी सहाच्या आधी थंडीत यायचे, एक रुपया घ्यायचे नाहीत. पण आमच्या ऑफिसचं म्हणणं, टीमसोबत नाव जाईल ते स्टाफचंच, बाहेरच्या माणसाचं नाही. त्यामुळे कोच म्हणून एका स्टाफ सरांचं नाव जायचं. सर माणूस म्हणून चांगले होते, पण त्यांचा विषय वेगळा आणि खेळाशी संबंध एवढाच की त्या दिवशी त्यांची ड्यूटी लागलेली. आमचे खरे कोच प्रेक्षकांत.

झोनलची, म्हणजे आपल्या विभागातल्या कॉलेजांच्या स्पर्धेची सेमीफायनल. चौथ्या क्वार्टरला आम्ही पुढे होतो, चांगल्या पुढे. समोरच्या टीमने फुल कोर्ट प्रेस लावला, म्हणजे अख्ख्या कोर्टभर आम्हाला अडवायला सुरुवात केली. पहिला बॉल गेला, दुसरा गेला, तिसऱ्याला आठ सेकंदात हाफ लाइन (कोर्टाची मधली रेघ) पार झाली नाही, म्हणून तोही त्यांना. मी रेफरीकडे बघून हाताने टी (टाइमआउटची, म्हणजे खेळ थांबवून टीमशी बोलायला वेळ मागायची खूण) करतेय, टाइमआउट टाइमआउट ओरडतेय, आणि रेफरी शांतपणे म्हणतात, कोचला टेबलवर मागू दे. एनबीए (अमेरिकेतली प्रोफेशनल लीग) बघून आपल्या सगळ्यांच्या डोक्यात बसलंय की खेळाडू टाइमआउट मागू शकतो. तिथे मागू शकतो. फिबाच्या नियमात तो हक्क फक्त हेड कोच आणि फर्स्ट असिस्टंट कोचला आहे, आणि मागायचा टेबलवरच्या स्कोअररकडे. आमच्या सरांना हे कोणी सांगितलंच नव्हतं, ते बेंचच्या मागे फोनवर. आमचे खरे कोच जाळीच्या पलीकडून हातवारे करून थकले, त्यांच्या शब्दाला टेबलवर किंमत शून्य. सेकंड हाफचे तीन टाइमआउट असतात, आमचे तिन्ही तसेच्या तसे शिल्लक राहिले आणि मॅच गेली.

यात अजून एक गोष्ट आहे जी मला नंतर कळली आणि तेव्हा जास्त त्रास झाला. स्कोअरशीटवर कोचच नसेल, असिस्टंटही नसेल, तर नियमाप्रमाणे कॅप्टन हीच प्लेअर कोच होते आणि तो हक्क तिच्याकडे येतो. म्हणजे ऑफिसने कोणाचंच नाव दिलं नसतं तरी आम्ही बऱ्या अवस्थेत असतो. नावापुरता कोच दिला म्हणून माझा हक्क गेला आणि ज्यांना खेळ कळतो त्यांना बेंच मिळाला नाही.

त्यानंतर आम्ही ऑफिसात किती चकरा मारल्या विचारू नकोस. सांगायचे, मॅडम रजेवर आहेत, मीटिंगमध्ये विषय घेऊ, तोंडी कशाला सांगता, लेखी द्या, आणि लेखी दिल्यावर, हे पत्र आमच्याकडे आलंच नाही. प्रॅक्टिसला बॉल पण सात नंबरचे द्यायचे, पोरांचे. मुलींची मॅच सहा नंबरच्या बॉलवर होते, आकार वेगळा, वजन वेगळं, वर्षभर एका बॉलने शूट करायचं आणि मॅचला दुसरा हातात. सहा नंबरचे दोन बॉल मागितले तर उत्तर आलं की बॉल बॉलच असतो. हे आठवलं की अजूनही चीड येते, कारण घरच्यांशी भांडून, पहाटे सातपूर-पंचवटीवरून दोन बस बदलून येणाऱ्या पोरी होत्या त्या. तुमच्याकडे बॉल कोणता आहे ते बघून घे, विषय थोडा वेगळा आहे पण बघच.

तर उपाय. स्कोअरशीटवर हेड कोच आणि फर्स्ट असिस्टंट कोच अशा दोन जागा असतात. बहुतेक कॉलेजं एकच भरतात. ऑफिस स्टाफच्या नावावर अडून बसलं तर हेड कोचच्या जागी मॅडमचं नाव जाऊ दे, फर्स्ट असिस्टंटच्या जागी ज्याला खेळ कळतो त्याचं टाका. टाइमआउट दोघांपैकी कोणीही मागू शकतं. तुमच्या स्पर्धेत बाहेरच्या माणसाला बेंचवर बसू देतात का हे मात्र आयोजकांना आधी विचारा, हे मी इथून सांगू शकत नाही. अजिबातच जमलं नाही तर मॅडमना बसवून समजवा. त्यांना अख्खा खेळ शिकवायची गरज नाही. पहिल्या हाफला दोन टाइमआउट, दुसऱ्याला तीन, त्यातले शेवटच्या दोन मिनिटांत जास्तीत जास्त दोन, आणि तू डोक्यावर हात ठेवलास की त्यांनी उठून टेबलवर जायचं, बस. मागितल्या मागितल्या मिळत नाही हे पण सांग, बॉल डेड होऊन (खेळ थांबून) घड्याळ थांबलं की मिळतो, किंवा समोरच्यांनी बास्केट केली की आपल्याला मिळतो. प्रेसमध्ये दुसरीच गोष्ट कामाची, कारण तेव्हा बास्केट त्यांच्याच होत असतात. शेवटच्या दोन मिनिटांत अजून एक फायदा, थ्रो-इन (रेघेबाहेरून बॉल आत टाकणं) आपल्याच हाफमध्ये असेल आणि आपण टाइमआउट घेतला तर नंतर बॉल पुढच्या हाफमधून आत घ्यायचा पर्याय मिळतो, म्हणजे अख्खा प्रेसच टळतो. आम्हाला त्या दिवशी हे एकाने जरी सांगितलं असतं.

सबस्टिट्यूशनचं उलटं आहे, ते कोच मागत नाही, जी आत येणार तिने स्वतः टेबलवर जाऊन सांगायचं असतं. बेंचवरच्या ज्युनिअर पोरींना हे नक्की शिकव. टाइमआउट संपले असतील तेव्हा निरोप आत पाठवायचा हाच रस्ता उरतो.

आणि टाइमआउट नसतानाही बोलायला वेळ मिळतो. फाउल झाला, फ्री थ्रो लागणार, तेवढ्यात पाचही जणी एकत्र. आम्ही एकच गोष्ट बोलायचो, पुढच्या बॉलला काय. मागचं काहीच नाही, कोणाच्या हातून बॉल गेला ते तर अजिबात नाही. चौथ्या क्वार्टरला "जो तो आपलं खेळतो" म्हणतेस ना, माझा अंदाज आहे की तुम्ही शेवटच्या दहा मिनिटांत एकदाही एकत्र उभ्या राहत नाही. पुढच्या मॅचचा व्हिडिओ घे आणि मोज.

टीम फाउल, म्हणजे सगळ्या टीमचे मिळून फाउल किती झाले हे तुला कायम माहीत पाहिजे. क्वार्टरमध्ये चार झाले की पाचव्यापासून समोरच्यांना दोन फ्री थ्रो, मग शूट नसेना का. ही माहिती टेबलवरून घ्यायची आणि सगळ्यांना ओरडून सांगायची. आमच्या वेळी शॉट क्लॉकचं (शॉट मारायला किती सेकंद उरले ते दाखवणारं) मशीन नसायचं, टेबलवरून तोंडी सांगायचे, गोंगाटात ऐकू यायचं नाही, म्हणून बेंचवरच्या एकीला तेच काम दिलेलं.

रेफरीशी बोलायचं ते कॅप्टननेच, बॉल डेड आणि घड्याळ बंद असताना, नम्रपणे, आणि माहिती घेण्यापुरतं. वाद घालायला नाही. तुमच्या ज्या सीनियर हात वर करून भांडतात त्यांना सांग की टेक्निकल (गैरवागणुकीचा फाउल) मिळाला तर समोरच्यांना एक फ्री थ्रो जातो आणि वर आपला टीम फाउल वाढतो. "मी विचारते, तू परत जा" एवढं म्हण आणि खरंच जाऊन विचार. तिच्यासाठी तू दोनदा विचारलंस की तिसऱ्यांदा ती स्वतःहून तुझ्याकडे येते, हे मी पाहिलंय. तू बाहेर बसलीस की आत कॅप्टन कोण हे पण आधीच ठरवून ठेवा, कोचने तिचा नंबर रेफरीला सांगायचा असतो.

टाळ्या, हातावर हात, याला कमी लेखू नकोस. कॅलिफोर्नियातल्या बर्कलेच्या संशोधकांनी एनबीएच्या २००८-०९ सीझनमधल्या सुरुवातीच्या मॅच बघून २०१० मध्ये पेपर छापला होता, ज्या टीम एकमेकांना जास्त हात लावतात, हाय फाइव्ह वगैरे, त्या पुढे सीझनमध्ये चांगल्या खेळल्या असं त्यात निघालं. त्यामुळेच जिंकल्या असं म्हणत नाही, पण करायला काहीच पैसे लागत नाहीत. तसंच नॉर्थ कॅरोलिनाचे कोच डीन स्मिथ, मायकल जॉर्डनचे कॉलेजचे कोच, त्यांच्याकडे बास्केट झाली की पास देणारीकडे बोट दाखवायची पद्धत होती. हे उद्यापासून सुरू कर, आणि पहिलं बोट त्या एमएवाल्या ताईकडे दाखव. हरलेल्या रात्री व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र काही टाकू नकोस, ना समजावणं, ना सॉरी. दुसऱ्या दिवशी ग्राउंडवर बोल.

झोनल पावसाळा संपता संपता लागतात, एन्ट्री त्याच्या बऱ्याच आधी जाते, त्यामुळे बेंचवर कोण हे पत्र आत्ताच द्या. तू एकटी सही करू नकोस, सगळ्या टीमच्या सह्या घे, सगळ्यात वर सीनियरच्या. मराठीत लिहिलं तरी चालतं. अर्धं पान पुरे, कोणाचं नाव कोणत्या जागी हवंय आणि का, एवढंच. दोन प्रती ने, एक देऊन दुसरीवर आवक नंबर, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नकोस, नंतर देतो म्हणाले तरी थांब. आणि त्या प्रतीचा फोटो मॅचच्या दिवशी फोनमध्ये असू दे.