समुद्रावर विमानाचा मार्ग कॉम्प्युटर ठरवतात का? विमानातला आणि जमिनीवरचा हिशोब जुळला नाही तर काय होतं?

तुम्ही विचारलंय की समुद्रावर रडार नसतं, मग विमानातला आणि जमिनीवरचा कॉम्प्युटर आपापसात बोलून मार्ग ठरवतात का, आणि दोघांत फरक पडला तर काय करतात. मी लांब पल्ल्याची विमानं उडवतो. उत्तर अटलांटिकवरून नेहमी जाणं होतं, म्हणून तिथलंच सांगतो.

आपापसात ठरवत नाहीत. मार्ग बदलायला कंट्रोलरची परवानगी लागते आणि ती स्वीकारायचं बटण पायलटच दाबतो. निरोप पोचवणं आणि दोन्हीकडचा मार्ग ताडून बघणं, हे काम यंत्रांचं.

युरोप सोडताना आम्ही शॅनविकला, म्हणजे समुद्रावरच्या विमानांवर नजर ठेवणाऱ्या नियंत्रण केंद्राला, लॉगऑन करतो, म्हणजे विमानाची यंत्रणा तिथल्या यंत्रणेशी जोडतो. शॅनविक नावाचं गाव नकाशावर सापडणार नाही. आयर्लंडचं शॅनन आणि स्कॉटलंडचं प्रेस्टविक यांचं मिळून ते नाव झालंय. 30 अंश पश्चिम रेखांश ओलांडला की पुढे कॅनडाचं गँडर हे केंद्र. लॉगऑनमध्ये विमानाचा कॉलसाइन (रेडिओवर वापरायचं नाव) आणि नोंदणी क्रमांक जातो, आणि जमिनीवरची यंत्रणा तो आपल्याकडच्या फ्लाइट प्लॅनशी जुळवते. जुळला तरच पुढचं सगळं.

हे जुळणं किती महत्त्वाचं आहे ते 1 जून 2009 ला दिसलं. रिओहून पॅरिसला निघालेल्या एअर फ्रान्स 447 ने पश्चिम आफ्रिकेतल्या डाकारच्या नियंत्रण केंद्राला तीनदा लॉगऑन करून पाहिलं आणि तिन्ही वेळा नकार आला, कारण डाकारच्या यंत्रणेत त्या विमानाचा फ्लाइट प्लॅनच नव्हता. अपघाताचं कारण वेगळं होतं. वेग मोजणाऱ्या पिटो नळ्या बर्फाने बंद झाल्या आणि त्यानंतर विमान सावरलं गेलं नाही. 228 माणसं गेली. लॉगऑनमुळे ती वाचली असती असं मी म्हणणार नाही. पण विमानाने उंची सोडली हे जमिनीवर त्याच मिनिटाला कळू शकलं असतं. प्रत्यक्षात ते विमान हरवलंय हे नक्की व्हायलाच काही तास गेले. लॉगऑन करताना मला ही गोष्ट दर वेळी आठवते.

एकदा लॉगऑन झालं की विमान दर काही मिनिटांनी उपग्रहामार्गे स्वतःच कळवत राहतं: आत्ता कुठे आहे, पुढचा बिंदू कोणता, तिथे किती वाजता पोचणार, त्याच्या पुढचा कोणता. मार्ग किंवा उंची सुटली तर वेळेची वाट न बघता निरोप जातो. हद्दीत शिरताना जमिनीवरची यंत्रणा ‘तुमच्याकडे कोणता मार्ग आहे?’ असंही विचारते आणि विमानाच्या कॉम्प्युटरमध्ये भरलेला मार्ग जसाच्या तसा मागवून घेते. फरक दिसला तर कंट्रोलरच्या पडद्यावर इशारा येतो आणि तो आम्हाला विचारतो. विमान अजून चुकीच्या वळणापर्यंत पोचलेलंही नसतं.

आता चूक कशी होते ते बघा. कॉकपिटमध्ये टिंग वाजतं, पडद्यावर नवा मार्ग येतो. एक बटण दाबलं की तो थेट फ्लाइट कॉम्प्युटरमध्ये उतरतो, हाताने टाइप करायला नको. पण पडद्यावर बिंदूच्या नावाला जागा असते जेमतेम पाच अक्षरांची. जुन्या पद्धतीप्रमाणे 52 अंश उत्तर, 50 अंश पश्चिम हा बिंदू ‘5250एन’ असा लिहितात. आणि ‘एन5250’ म्हणजे 52 अंश 30 मिनिटं (साडेबावन्न अंश) उत्तर, 50 अंश पश्चिम! एक अक्षर मागचं पुढे आलं की विमान 30 नॉटिकल मैल बाजूला, कदाचित शेजारच्या मार्गावर. म्हणून अर्ध्या अंशाच्या बिंदूला पुढे ‘एच’ लावावं अशी शिफारस नंतर आली. आम्ही नावावर विसंबतच नाही. प्रत्येक बिंदू उघडून पूर्ण अक्षांश-रेखांश एकजण मोठ्याने वाचतो, दुसरा कागदावर टिक करतो, मग दोन बिंदूंमधली दिशा आणि अंतर जुळवतो. मागच्या हिवाळ्यात असाच मध्यरात्री नवा मार्ग आला. बिंदू सगळे बरोबर होते, पण उतरवल्यावर जुन्या आणि नव्या मार्गाचा सांधाच तुटलेला होता, मध्ये रिकाम्या चौकटी. कोपायलटने तो जोडला, आम्ही पुन्हा पहिल्यापासून वाचलं, मगच ‘विलको’ पाठवलं. विलको म्हणजे समजलं, तसंच करतो. बिंदू ओलांडल्यावर दहा मिनिटांनी विमान खरंच ठरलेल्या रेषेवर आहे का, तेही बघतो.

यंत्रं फार अचूक झाली त्याचाही एक त्रास आहे. जीपीएसमुळे सगळी विमानं अगदी एकाच रेषेवर येतात, म्हणजे कोणाची उंची चुकली तर खालचं विमान नेमकं खालीच असणार. म्हणून आम्ही परवानगी न मागता, मुद्दाम, रेषेच्या उजवीकडे एक-दोन मैल सरकून उडतो. नियमातच तशी मुभा आहे.

2019 पासून उपग्रह विमानांचे एडीएस-बी सिग्नलही टिपतात, म्हणजे विमान स्वतःची जागा सतत प्रक्षेपित करतं ते सिग्नल. त्यामुळे एकामागोमाग जाणाऱ्या दोन विमानांमध्ये जिथे 40 नॉटिकल मैल ठेवावे लागत, तिथे योग्य उपकरणं असतील तर 14 वर भागतं. समुद्र सोडून युरोपच्या भूभागावर आलं की नेदरलँड्समधल्या मास्ट्रिक्ट केंद्राचे कंट्रोलर नव्या विमानांकडून पुढच्या प्रत्येक बिंदूची अपेक्षित वेळ, उंची आणि वेगही मागवून घेतात. त्यांना पायलटने नुसतं ‘तसंच जातोय’ म्हणून भागत नाही, विमानाच्या मनात काय आहे ते पडद्यावर दिसतं.

फरक पडला तर कोणाचं ऐकायचं? कुठल्याच कॉम्प्युटरचं नाही. आधी विचारायचं. मिळालेल्या शेवटच्या परवानगीप्रमाणे उडत राहायचं, कंट्रोलरला निरोप पाठवायचा, उत्तर उशिरा येतंय असं वाटलं तर एचएफ (लांब पल्ल्याचा) रेडिओ किंवा सॅटेलाइट फोन. पलीकडचा माणूस मार्ग बिंदू-बिंदू वाचून दाखवतो, आपण तो परत वाचून दाखवायचा.