तेच सोनं, तेवढेच कण, मग नुसत्या मांडणीने प्रकाश कसा बदलतो?

प्रश्न: नमस्कार सर, मी नागपुरातच एमएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे, घरी इतवारीत सराफीचं दुकान आहे. प्रोजेक्टसाठी वाचून राहिलो तर एक गोष्ट डोक्यात बसूनच नाही राहिली. सोन्याचे नॅनोपार्टिकल काचेवर सारख्या अंतरावर ओळीत मांडले की स्पेक्ट्रममधला (कोणत्या वेव्हलेंग्थचा प्रकाश किती अडतो त्या आलेखातला) पीक, म्हणजे उंचवटा, एकदम बारीक होतो, आणि तेच कण अस्ताव्यस्त टाकले की तो परत पसरट होतो. बाबांना सांगितलं तर ते म्हणतात सोनं ते सोनं, कसंही ठेव. धातू तोच, साइज तीच, मग मांडणीने एवढा फरक का पडावा?
— एक वाचक, इतवारी

उत्तर: बाबांचं म्हणणं तागडीपुरतं शंभर टक्के बरोबर आहे, कण कसेही मांड, वजन तेच आणि कॅरेटही तोच. पण प्रकाशाचा व्यवहार असतो इलेक्ट्रॉनांशी, आणि कणातले इलेक्ट्रॉन किती जोरात हलणार, किती वेळ हलत राहणार, हे शेजारचा कण किती लांब आहे यावरही ठरतं.

आधी एकटा कण घे. प्रकाश आला की त्यातले मोकळे इलेक्ट्रॉन सगळे मिळून इकडून तिकडे हलतात, यालाच लोकलाइज्ड सरफेस प्लाझ्मॉन म्हणतात. पाण्यातल्या 20 नॅनोमीटरच्या सोन्याच्या कणात ही हालचाल 520 नॅनोमीटरच्या आसपासच्या हिरव्या प्रकाशाला सगळ्यात जास्त दाद देते, हिरवा शोषला जातो आणि द्रावण लाल दिसतं. फॅरेडेने 1857 मध्ये असल्या लाल द्रावणांवर काम केलं, गणित मात्र गुस्ताव मी यांनी 1908 मध्ये मांडलं. अडचण अशी की ही हालचाल टिकत नाही, काही फेम्टोसेकंदात (एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दशलक्षावा भाग) विझते, कारण थोडी ऊर्जा धातूत उष्णता होऊन जाते आणि कण मोठा असला तर बरीचशी प्रकाश होऊन बाहेर निघून जाते. जे लवकर विझतं ते स्पेक्ट्रममध्ये पसरट दिसतं, म्हणून एकट्या कणाचा पीक पन्नास-शंभर नॅनोमीटर रुंद असणं अगदी नेहमीचं.

आता ओळीत मांडलेले कण बघ, इथे खरी गंमत आहे. समज साधारण 100 नॅनोमीटरचे कण, दोघांमधलं अंतर 500 नॅनोमीटर, आणि खाली-वर दोन्हीकडे काच, जिचा अपवर्तनांक (प्रकाश तिच्यात किती पट हळू जातो तो आकडा) 1.52. प्रत्येक कण आपल्याकडचा थोडा प्रकाश शेजाऱ्याकडे फेकतो. काचेत लाट आखडते, त्यामुळे हवेत 760 नॅनोमीटर असलेली वेव्हलेंग्थ काचेत बरोबर 500 होते (500 गुणिले 1.52, करून बघ). म्हणजे एका कणाकडून निघालेली लाट दुसऱ्यापर्यंत पोचते तेव्हा तिचा एक पूर्ण फेरा झालेला असतो, आणि शेजाऱ्याचे इलेक्ट्रॉन बाहेरून आलेल्या प्रकाशामुळे ज्या बाजूला चाललेले असतात त्याच बाजूला ही लाट त्यांना ढकलते. हे शेकडो कणांकडून एकाच वेळी होतं. मग 760 च्या किंचित पुढे, लाल बाजूला, एक बारीक पीक उभा राहतो, त्याला सरफेस लॅटिस रेझोनन्स म्हणतात.

बारीक का होतो, तर माझ्या मते यातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच आहे. आता ऊर्जा धातूच्या आत कोंडलेली राहत नाही, बरीचशी कणांच्या मधल्या काचेत फिरत असते, आणि काच तिला जवळजवळ काहीच खात नाही. वरून कण एकमेकांचा प्रकाश परत परत पकडत असल्यामुळे बाहेरची गळतीही कमी होते. आयुष्य वाढलं की पीक बारीक. असे बारीक पीक येतील हे झोऊ, जॅनेल आणि शॅट्झ यांनी 2004 मध्ये गणिताने दाखवलं, आणि 2008 मध्ये वेगवेगळ्या गटांनी ते प्रयोगात मोजले. पीक किती बारीक आहे हे सांगणारा आकडा म्हणजे क्वालिटी फॅक्टर, जितका मोठा तितका पीक बारीक. एकट्या कणाचा तो दहाच्या घरात असतो, 2021 मध्ये कणांच्या अशाच शिस्तीच्या मांडणीत (अ‍ॅरेत) तो दोन हजारांच्या वर गेला. धातू तोच, बरं का.

आता अस्ताव्यस्त टाकलेले कण. एकाचं अंतर 430, दुसऱ्याचं 610, तिसऱ्याचं अजून काही. लाटा पोचतात तर खऱ्या, पण कोणी पुढे ढकलतं, कोणी मागे ओढतं, एकूण बेरीज जवळपास शून्य, आणि आपल्याला परत एकट्या कणाचा पसरट पीक दिसतो. मात्र थोडं इकडेतिकडे झालं म्हणून लगेच सगळं कोसळत नाही, जागा जशा चुकत जातात तसा पीक हळूहळू खचतो आणि रुंदावतो. आणि अव्यवस्था म्हणजे वाईटच असंही समजू नकोस. खडबडीत चांदीच्या पृष्ठभागावर कणांमधल्या अगदी अरुंद फटीत प्रकाश एवढा एकवटतो की तिथे चिकटलेल्या रेणूंचा रामन सिग्नल (रेणूवरून रंग किंचित बदलून परत येणारा प्रकाश) कित्येक पटींनी वाढतो, 1970 च्या दशकात हे सापडलं ते अशाच बिनशिस्त पृष्ठभागावर. (ज्यांच्या नावाने हा सिग्नल ओळखला जातो ते सी. व्ही. रामन 1910 मध्ये अकाउंट्स खात्याच्या नोकरीत नागपूरला होते, आपल्या गावाला हे आठवत राहावं असं मला मनापासून वाटतं.) लेसर किंवा बारीक सेन्सर करायचा तर शिस्त लागतेच, 2013 मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात अशा ओळीतल्या कणांवर लेसर चालवून दाखवला होता.

निसर्गात हाच नियम धातूशिवाय बघायचा असेल तर मोराचं पीस घे. मेलॅनिन या काळपट रंगद्रव्याच्या बारीक कांड्या जाळीसारख्या रचलेल्या असतात, अंतर 140 नॅनोमीटरच्या आसपास असलं तर निळा, 150 ला हिरवा, 165 ला पिवळा. मसाला एकच, फक्त अंतर बदललेलं.

तुझ्या प्रोजेक्टसाठी दोन गोष्टी. कण काचेवर आणि वर नुसती हवा असली तर खालची आणि वरची लाट वेगवेगळ्या वेगाने जाते, ताळमेळ बसत नाही आणि बारीक पीक येतच नाही, म्हणून वर काचेच्याच अपवर्तनांकाचं इमर्शन ऑइल टाकून काच ठेव. पोलरायझेशनकडेही (प्रकाश इलेक्ट्रॉनांना कोणत्या दिशेने हलवतो तिकडे) लक्ष दे, इलेक्ट्रॉन ज्या दिशेने हलतात त्या दिशेला कण प्रकाश फेकत नाही, आडव्या दिशेला फेकतो, तेव्हा त्या आडव्या दिशेचं अंतर मोजायचं. आणि दिसलेला पीक मांडणीचा की कणाचा अशी शंका आली तर त्याच आडव्या दिशेने काच दहा अंश तिरकी करून स्पेक्ट्रम परत घे. मांडणीचा असेल तर त्याचे दोन होतील, वरच्या आकड्यांनी एक 673 च्या आणि दुसरा 847 च्या आसपास, आणि कणाचा असेल तर जवळपास जागचा हलणार नाही.