इराकी दिनारच्या नोटा : वाचकांचे प्रश्न

परकीय चलनाबद्दल मला सर्वाधिक पत्रे येतात ती इराकी दिनारवर. प्रश्न तेच तेच असतात, म्हणून या वेळी एकत्र घेतो.

प्रश्न : वडील इराकमध्ये नोकरीला होते. पेटीत सद्दामचे चित्र असलेल्या नोटा सापडल्या. बदलून मिळतील का?

नाही. १५ जानेवारी २००४ रोजी मुदत संपली. जुन्या नोटांच्या संग्राहकाला दाखवून बघा, मोठ्या रकमेची आशा धरू नका.

प्रश्न : ओळखीचे एक गृहस्थ २५,००० दिनारच्या नोटा विकतात. ‘आरव्ही झाले की एक दिनार तीन डॉलरचा होईल, कुवेतचे तसेच झाले,’ असे सांगतात. थोड्या घेऊन ठेवू का?

अजिबात नको. हा ‘आरव्ही’ म्हणजे रिव्हॅल्युएशनचा, सरकार चलनाचा भाव एकदम वाढवणार असल्याचा किस्सा वीस वर्षे फिरतो आहे आणि माणसे अजून त्यात पैसे घालत आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी कुवेत. इराकच्या १९९०च्या आक्रमणापूर्वीच कुवेती दिनार साडेतीन डॉलरच्या जवळपास होता. मुक्ततेनंतर तो जुन्या भावाला परत आला. मातीमोल चलन रातोरात सोने झाले, असे तिथे घडलेच नाही. उलट इराक्यांनी लुटून नेलेल्या नोटा कुवेतने रद्द ठरवल्या.

इराकचा दिनारही एकेकाळी सरकारी भावाने तीन डॉलरच्या वर होता, हे खरे. पण १९९०नंतर निर्बंध आले, परदेशातून छपाई बंद झाली आणि सरकारने हलक्या कागदावर वारेमाप नोटा छापल्या. १९९५च्या अखेरीस काळ्या बाजारात डॉलरला ३,००० दिनार पडत होते. २००३-०४मध्ये आलेल्या नव्या नोटा द ला रू कंपनीने छापल्या. नोटा देखण्या झाल्या, पण सद्दामच्या नोटेला नवी नोट एकास एक दराने मिळाली. शून्ये तशीच राहिली.

आता हिशेब करा. चलनात सुमारे १०० लाख कोटी दिनार आहेत. एक दिनार एक डॉलरचा झाला, तर या नोटांचीच किंमत साऱ्या जगाच्या वार्षिक उत्पन्नाजवळ जाईल. ती कोण देणार? प्रत्यक्षात डिसेंबर २०२०मध्ये डॉलरचा सरकारी दर सुमारे ११८० वरून १४५० दिनार केला गेला, म्हणजे दिनार घसरला. फेब्रुवारी २०२३मध्ये तो १३०० वर आणला. त्यानंतर चढ झाला तो एवढाच.

गेल्या महिन्यात एक निवृत्त शिक्षक भेटायला आले. प्लॅस्टिकच्या पिशवीत रबर लावलेल्या २५ हजारांच्या चाळीस नोटा, म्हणजे दहा लाख दिनार. एक उजेडात धरली. घोड्याच्या डोक्याचे जलचिन्ह स्वच्छ होते, नोटा अस्सल होत्या. सरकारी दराने किंमत पासष्ट-सत्तर हजार रुपये, त्यांनी मोजले होते दीड लाख. शहरातले तीन मनी चेंजर फिरले, एकानेही घेतल्या नाहीत. विकणाऱ्याचा फोन बंद. पेन्शनचे पैसे होते हो ते.

प्रश्न : इराक दिनारची तीन शून्ये काढणार म्हणतात. मग फायदा?

काहीच नाही. २५,००० च्या जागी २५ मिळतील आणि चहाचा भावही तितकाच आकसेल. तुर्कस्तानने २००५मध्ये सहा शून्ये काढली, तेव्हा कोणी श्रीमंत झाले नाही.

प्रश्न : करबला-नजफच्या यात्रेहून उरलेले दिनार घरात ठेवले तर चालतील?

परदेशी नोटा एकूण २,००० डॉलरच्या किमतीपर्यंत ठेवता येतात. त्यावरच्या परतल्यापासून १८० दिवसांत अधिकृत विक्रेत्याकडे द्याव्या लागतात. पण आपल्याकडे दिनार सहसा कोणी घेत नाही, म्हणून निघण्याआधी तिथेच बदला. अनधिकृत माणसाकडून परकीय चलन घेणे हा फेमा म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायद्याच्या कलम ३चा भंग आहे. वरच्या प्रश्नातल्या वाचकांनीही हे वाचावे. रक्कम मोठी असेल तर आधी सीएंना भेटा, माझ्या उत्तरावर विसंबू नका.

प्रश्न : माझे दिनार विकून देतो, आधी दहा हजार ‘प्रोसेसिंग फी’ भरा, असा फोन आला.

भरू नका. भरली असेल तर आजच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा आणि बँकेला कळवा. दोन दिवस विचार करण्यात घालवलेत, तर पैसे हाती लागणे कठीण.