राउटर परत सुरू झाला, हे घरबसल्या कसं कळेल?

प्रश्न : आमचं ऑफिस फोंड्यात, शाखा काणकोणला. तिथला सिस्को राउटर पावसात वीज गेली की बंद पडतो. इथूनच तो रीबूट करून नीट उठला की नाही, हे पाहता येईल का? – एक वाचक, फोंडा

उत्तर : येईल. पण आधी राउटरला 'शो व्हर्जन' हा हुकूम द्या. त्यात अपटाइम, म्हणजे राउटर किती वेळ सलग चालू आहे, ते दिसतं आणि खालीच 'सिस्टिम रिटर्न्ड टू रॉम बाय' अशी ओळ असते. तिथे 'पॉवर-ऑन' असेल तर वीज गेली होती, 'रीलोड' असेल तर कुणीतरी हुकूम दिला होता. मग बिचाऱ्या राउटरला दोष देऊ नका, यूपीएस बघा. शेवटच्या ओळीत कॉन्फिगरेशन रजिस्टर, म्हणजे राउटरने कसं सुरू व्हायचं ते ठरवणारा आकडा, असतं. ते बहुतेक राउटरवर २१०२ असतं. २१४२ दिसलं तर पासवर्ड बदलताना कुणीतरी ते तसंच सोडलंय. राउटर उठेल, पण कोरा, साठवलेलं सेटिंग न वाचताच.

रीबूटचा हुकूम 'रीलोड'. त्याआधी 'राइट मेमरी' देऊन सेटिंग साठवा.

लांबून सेटिंग बदलायचं असेल तर मी आधी 'रीलोड इन १०' देतोच. चुकून संपर्क तुटला तरी दहा मिनिटांनी राउटर जुन्या, साठवलेल्या सेटिंगवर उठतो. मात्र मधे काहीच साठवू नका. सगळं जमलं की 'रीलोड कॅन्सल', आणि मगच 'राइट मेमरी'. पावसात काणकोणपर्यंतची फेरी वाचते, करमल घाटासकट.

उठल्यावर 'शो आयपी इंटरफेस ब्रीफ' देऊन राउटरच्या जोडण्यांची (इंटरफेसची) यादी बघा. वापरातल्या जोडणीसमोर स्टेटस आणि प्रोटोकॉल, दोन्ही रकान्यांत 'अप' हवं.