रात्री पाठ टेकली की खाज सुरू

प्रश्न: आईला (वय ६६) तीन महिन्यांपासून पाय आणि पाठ खाजते, पुरळ काहीच नाही, रात्री तर झोपच नाही, खाजवून खाजवून रक्त निघतं. सेट्रिझिन देऊन पाहिली, फक्त गुंगी येते. काय करावं?

उत्तर: अहो, सेट्रिझिन अडवते हिस्टामाइन नावाच्या शरीरातल्या रसायनामुळे येणाऱ्या खाजेला, म्हणजे पित्ताच्या गांध्या किंवा डास चावल्यावर जी खाज येते तिला. जुनाट खाज (सहा आठवड्यांच्या वर गेली की जुनाट म्हणतात) बऱ्याचदा दुसऱ्याच मज्जातंतूंवरून मेंदूकडे जाते, तिथे ही गोळी काय करणार! खाजवल्यावर बरं वाटतं कारण नखांची ती बारीक वेदना मणक्यातच खाजेचा निरोप दाबते, पण त्याच वेदनेपायी मेंदू सेरोटोनिन नावाचं रसायन सोडतो आणि त्याने खाज उलट भडकते, म्हणून हात थांबतच नाही. आईंना ओरडू नका, त्यांच्या हातात नाहीये ते.

या वयात बहुतेकदा कोरडी त्वचा निघते. कढत पाण्याची आंघोळ बंद, साबण फक्त काखा-जांघेत, अंग ओलसर असतानाच साधं व्हॅसलीन चोपडा, नखं कापा. खाजलंच तर ओला गार कपडा ठेवा. पण किडनी, लिव्हर, थायरॉइड, शुगर आणि हिमोग्लोबिन तपासून घ्याच, अंगावर काही न दिसता येणारी खाज कधीकधी आतून येते. घरात अजून कोणी खाजवतंय का तेही बघा, खरूज असू शकते. आणि मेडिकलवाल्याने दिलेली स्टिरॉइडची ट्यूब, प्लीज, नको.